कोण घेतो भुईमूग, कोण घेतो बोर

पौष लागला की परभणीच्या आसपासच्या शेतांतून आगटीचा वास यायला लागतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजताना येतो तो, थोडा दुधाळ, थोडा करपट. या वासानं माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. मी मात्र आधी कानोसा घेतो. वाऱ्यानं उभ्या ज्वारीची पानं सळसळली की वाटतं, आत कोणीतरी आहे. सत्तर वर्षं होत आली, आत कोणी नसतं हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मान वळतेच.

यंदा हुरडा घरातच आला. नात मुक्ता ताटली मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली होती. ती शाळेच्या संघातून कबड्डी खेळते आणि खेळाडूंचा लिलाव असला की तिला जेवणाचीही शुद्ध नसते. कोटातली माणसं पाट्या वर करत होती, एकेक खेळाडू या संघातून त्या संघात जात होता. मग चार जाणकार बसून सांगू लागले, मागच्या वर्षी याला घेतलं ती चूक होती, त्याला सोडलं ती त्याहून मोठी चूक होती. झाल्यावर शहाणपण सांगणं किती सोपं असतं, असं मी पुटपुटलो. मुक्तानं ते बरोबर ऐकलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फुटबॉलचे कप्तान होतात ना? तुमची सगळ्यात चुकलेली निवड कोणती?"

मी म्हणालो, आठवत नाही. नातीशी खोटं बोलायला मला फार कष्ट पडत नाहीत, या बाबतीत माझा हात बसलेला आहे.

आम्ही पिंगळीची पोरं. स्टेशन गावाला लागूनच असल्यामुळे शिकायला परभणीला जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. परभणीच्या शाळेत सगळं उर्दूत, मारही उर्दूत. त्या शाळेनं दिलेली एकच गोष्ट आम्ही प्रेमानं गावात आणली, ती म्हणजे फुटबॉल. शाळेनं टाकून दिलेला एक चामड्याचा चेंडू होता. त्याच्या आतला फुगा तीन ठिकाणी चिकटवलेला. वरून जवसाचं तेल चोपडायचं, सायकलच्या पंपानं हवा भरायची, वादी आवळायची आणि स्टेशनमागच्या पडीक रानात अनवाणी खेळायचं. गोलाचे खांब म्हणून तुराट्यांच्या दोन पेंढ्या रोवलेल्या. कुणी जोरात मारला आणि चेंडू बाभळीत गेला की सगळ्यांचा श्वास अडकायचा. काटा लागला तर आठ दिवस खेळ बंद.

भिडू वाटून घ्यायची आमची पद्धत जुनीच, हुतूतूची. दोन कप्तान बसायचे. सारख्या ताकदीचे दोघं-दोघं जोडीनं बाजूला जायचे, कुजबुजून एकेक गुप्त नाव घ्यायचे आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून परत यायचे. मग विचारायचे, कोण घेतो चिंच, कोण घेतो आंबा? कप्तानानं नाव मागायचं. ज्याचं नाव निघेल तो त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. चिंच कोण आणि आंबा कोण हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक. त्यामुळे भांडण नाही, लाडकेपण नाही, सगळं नशिबावर. एकदा ठरलं की होळीपर्यंत बदल नाही. अगदीच वाटलं तर दोन्ही कप्तानांच्या मर्जीनं एक अदलाबदल करता यायची.

इतकी स्वच्छ पद्धत, आणि मी तीत लबाडी करत होतो. नामदेव माझा जिवलग. त्याच्यासारखा पळणारा पंचक्रोशीत नव्हता. आमचं दोघांचं आतून ठरलेलं होतं की त्यानं नेहमी जमिनीखाली वाढणाऱ्याचंच नाव घ्यायचं. कांदा, रताळं, मुळा, भुईमूग. मग मी डोळे मिटून तेच मागायचो. सगळे म्हणायचे, कप्तानाचं नशीब लय जोरावर हाय. नामदेवच्या जोडीला कायम लतीफ असायचा, कारण गोल अडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि त्या दोघांचीच बरोबरी व्हायची. लतीफचा बाप स्टेशनवर सांधेवाला, रुळांचे सांधे बदलायचा. त्यांचं घर म्हणजे रुळांकडेची एक खोली. माझ्या लबाडीमुळे लतीफ दर वर्षी समोरच्या बाजूला जायचा. तो एकदाही माझ्या संघात खेळला नाही. हे आज लिहिताना लक्षात येतंय, आणि बरं वाटत नाही.

निजामी अंमलातला तो शेवटचा हिवाळा. हे तेव्हा कोणाला माहीत असणार? आम्हाला फक्त भीती माहीत होती. त्या वर्षी रानात आगट्या पेटल्या नाहीत. धूर दिसला की माणसं कुठं जमलीत ते कळतं, म्हणून लोक कच्चेच दाणे चावून घरी यायचे. बायका पाणवठ्यावर बोलायच्या नाहीत. तिकडच्या एखाद्या गावावर निजामाच्या टोळ्यांची धाड आल्याची बातमी यायची, गावाचं नाव दर वेळी वेगळं असायचं, आणि प्रत्येक नावासरशी ती चार कोस जवळ आल्यासारखी वाटायची. दुपारची गाडी थांबली की गावातलं माणूस हातातलं काम सोडून बघायचं, कोण उतरतंय. आमचे वडील रोज सकाळी मला म्हणायचे, "कुणाच्या अध्यात न्हाई, कुणाच्या मध्यात न्हाई. इतकंच ध्यानात ठेव." मी ते इतकं ध्यानात ठेवलं की आयुष्यभर पुरलं.

नामदेव मात्र अध्यात आणि मध्यात दोन्हीकडे होता. निजामाविरुद्ध लढायला पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात गेलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या तो कंबरेला बांधून नेत-आणत होता. हे गावात मला एकट्याला माहीत होतं. त्यानं सांगितलं तेव्हा मला अभिमान वाटायला हवा होता. मी आधी मागं वळून कोणी ऐकलं का ते पाहिलं. महिन्यापूर्वी पूर्णेच्या पुलाजवळ आमच्याच भागाच्या चौकीच्या एका शिपायानं त्याला हटकलं होतं, तो निसटला होता. शिपायानं तोंड पाहिलं का, असं मी विचारलं. नामदेव म्हणाला, पुरतं पाहिलं.

आणि अशात आमच्या भागाच्या चौकीवर नवे अमीन आले. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. तिशीतला, उंच, हैदराबादेत फुटबॉल खेळलेला माणूस. एका दुपारी घोड्यावरून जाताना त्यानं आमचा खेळ पाहिला, उतरला, बूट घातलेल्या पायानं चेंडू उडवला आणि हसला. तीन दिवसांनी दोन शिपाई घेऊन परत आला. गंगाखेडला गोदावरीच्या वाळवंटात सामना करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. मला सोडून वीस पोरांचे दोन भाग. एका बाजूचा कप्तान मी, दुसऱ्या बाजूचा तो स्वतः. त्याच्या बाजूच्या दहा जणांनी आठ दिवस चौकीत राहायचं, तिथंच जेवायचं, त्याच्याकडून खेळ शिकायचा. खाकी सदरे तो देणार होता. घरच्यांना सांगून या, असं तो अगदी आपुलकीनं म्हणाला.

आज विचार केला तर वाटतं, त्या माणसाला खरोखरच नुसता फुटबॉल खेळायचा असेल. त्यानं आमचं कधी काही वाईट केलं नाही, हे खरं आहे म्हणून लिहून ठेवतो. पण आठ दिवस चौकीत, हे शब्द ऐकले आणि रानाच्या बांधावर उभ्या असलेल्या बापमाणसांनी माना खाली घातल्या. नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. पुलाजवळचा तो शिपाई त्या दिवशी रानात आला नव्हता, म्हणजे चौकीतच होता.

भिडू वाटायला सुरुवात झाली. अमीनला आमची पद्धत फार आवडली. एका जोडीला तो नाव मागायचा, पुढच्या जोडीला मी. मी मनात मोजत होतो. नामदेव आणि लतीफ सातवे, आणि सातवी पाळी अमीनची.  नामदेवला खुणावून मागं ठेवावं तर शिपाई पाहत होते. ते दोघं बोरीच्या झाडाआड गेले, आले, गळ्यात हात. लतीफनं विचारलं, "कोण घेतो भुईमूग, कोण घेतो बोर?"

अमीननं भुईमूग म्हणजे काय ते विचारलं. लतीफनं सांगितलं, मूंगफली, साब. अमीन म्हणाला, मग काय, मूंगफलीच.

 त्या रानात मीच एकटा असा होतो की ज्याला त्या जोडीबाहेर राहून उत्तर ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानंच मला खाल्लं. जोडी अजून सुटलीही नव्हती, कोण कोणाचा ते बोलायचं होतं, तेवढ्यात मी उठून म्हणालो की साहेब, अदलाबदलीचा हक्क आहे, नामदेवला मला द्या, बदल्यात माझे कुठलेही दोन घ्या.

अमीनचं हसू तसंच राहिलं. त्यानं आधी मला पाहिलं, मग त्या दोघांना. मग हळूच विचारलं, "मूंगफली कौन है, ये तुमको कैसे मालूम?"

 स्टेशनावर कोणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला, तो मला आजही ऐकू येतो. एका नामदेवसाठी दोन पोरं द्यायला निघालेला कप्तान! लबाडी तर उघडी पडलीच होती, पण त्याहून वाईट म्हणजे नामदेवची किंमत मी स्वतःच्या तोंडानं चौकीला सांगून बसलो होतो. मी गप्प राहिलो असतो तर तो वीसातला एक पोरगा होता. आता दोन्ही शिपाई त्याचं तोंड निरखत होते.

तेव्हा लतीफनं नामदेवच्या गळ्यातला हात काढला आणि पुढं आला. "मूंगफली मैं हूँ, साब," म्हणाला. "कप्तान हमेशा गलत पकड़ता."

अमीननं नामदेवला विचारलं, और तू? नामदेवच्या तोंडून जेमतेम निघालं, बोर. मग अमीन मोठ्यानं हसला. त्याला वाटलं असावं, खेड्यातल्या कप्तानानं चोरून ऐकलं आणि तेही उलटं ऐकलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि आठव्या जोडीला हाक दिली. लतीफ त्याच्या बाजूला जाऊन बसला. बांधावरच्या सगळ्या गावानं पाहिलं, की लतीफनं स्वतः पुढं होऊन साहेबाची बाजू घेतली.

नामदेव त्या संध्याकाळीच हिवताप आल्याचं सांगून घरात झोपला आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीतून वाट काढत वऱ्हाडाकडे गेला. त्याची आई रोज रिकाम्या बाजेवर गोधडी पसरून शेजाऱ्यांना सांगायची, पोराला लय थंडी वाजायलीय. आठ दिवस ती त्या गोधडीला काढा दाखवत होती.

परभणीला गाडी बदलून आम्ही गंगाखेडला गेलो तेव्हा लतीफ खाकी सदऱ्यात समोर उभा होता, जरा भरल्यासारखा दिसत होता. चौकीत दोन वेळ पोटभर मिळालं म्हणाला. त्या दिवशी आम्ही एकही गोल करू शकलो नाही. माझा एक फटका त्यानं वाळूत आडवा पडून छातीवर घेतला आणि हसून चेंडू माझ्याकडेच फेकला. सामना झाल्यावर नदीत पाय धूत असताना मी त्याला विचारलं, कामून गेलास?

तो म्हणाला, "त्याचा हात माझ्या गळ्यात व्हता. साहेबानं नाव घेतलं अन् तो हात गार पडला. इचारायला टाईम कुठं व्हता?" मी त्याला नामदेवचं सांगायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच थांबवलं. "मला कायबी ठावं न्हाई. अन् तू सांगू बी नको. ठावं नसलं म्हंजे बोलावं लागत न्हाई."

सतरा वर्षांच्या पोराला हे शहाणपण कुठून आलं असेल? भीती त्यालाही वाटतच होती. त्याच्या पायाची बोटं पाण्यात आखडली होती, मी पाहिली. पण त्याची भीती दुसऱ्याच्या हातातून त्याच्यात आली होती, माझी माझ्याच पोटात जन्मलेली होती. दोघांत एवढाच फरक होता, आणि तो पुरेसा ठरला.

खाकी सदरा त्यानं ठेवून घेतला. त्याच्याकडे दुसरं उबदार काही नव्हतं. उरलेला हिवाळा तो तोच घालून फिरला, उन्हाळ्यात तोच डोक्याला गुंडाळला. पावसाळ्यात त्याच्या बापानं सांधे बदलताना तो खांद्यावर टाकलेला मी पाहिला आहे.

भाद्रपदात सगळं उलटलं. भारताची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचा अंमल संपला. स्टेशनावरच्या पाट्या होत्या तशाच होत्या, फक्त माणसांनी आवाज वाढवला होता, आणि नामदेव काय करत होता ते आता सगळ्यांना कळलं होतं. भीती गेली असं सगळे म्हणायला लागले. गेली नव्हती. तिनं घर बदललं होतं. इतके दिवस जी आमच्या दाराशी बसली होती ती आता रुळांकडेच्या त्या एका खोलीच्या दाराशी जाऊन बसली.

खरिपाची पिवळी ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, पाऊस थांबून ऊन पडलं होतं. मी स्टेशनाकडे निघालो होतो. बाहेरगावची सहा-सात माणसं आली होती, काहींच्या हातात काठ्या होत्या. चौकीच्या संघात कोण कोण होतं, ते विचारत होती. आमच्या गावचे दहा जण होते. नऊ आमच्याच आळीतले, त्यांच्या खाकीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांना नेलं होतं, असं आपसूक ठरून गेलं. प्रश्न एका लतीफचा उरला. कोणीतरी म्हणालं, कप्तानालाच इचारा. आणि ती माणसं माझ्याभोवती उभी राहिली.

त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "तो लतीफ सोताहून गेलता का त्याला नेलतं?"

मी काय सांगायला हवं होतं, ते मला त्या क्षणीही पाठ होतं. सांगायला हवं होतं की तो नामदेवच्या जागी गेला. तुम्ही ज्याच्या नावाचा जयजयकार करताय तो नामदेव जिवंत आहे तो या पोरामुळे. नामदेव पलीकडे सुखरूप होता, आता ते उघड झालं असतं तरी त्याचं काही बिघडणार नव्हतं. बिघडलं असतं तर माझं. अमीनपुढं पोरं मांडून भिडू वाटणारा कप्तान मीच होतो. त्यांची नजर लतीफवरून सरकली तर ती माझ्यावर येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लतीफच्या घराचं दार वीस पावलांवर, अर्धं उघडं. दाराच्या कडेवर चार बोटं दिसत होती. ती बोटं मी ओळखत होतो, पाच वर्षं माझे गोल त्यांनीच अडवले होते.

मी म्हणालो, "व्हय. सोताहून गेलता."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतक्या सहज बाहेर पडला. दारावरची बोटं आत गेली आणि दार लागलं.

मी तिथं थांबलो नाही. ज्वारीत शिरलो आणि कान झाकून बसलो. म्हणून पुढचं मला ऐकीव आहे. स्टेशन मास्तरांनी दार अडवून माणसांना बोलण्यात गुंतवलं आणि मागच्या बाजूनं हमालाकरवी लतीफला आणि त्याच्या आईबापाला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात चढवलं. खोली मात्र जळाली. गाडी माझ्यापासून हाताच्या अंतरावरून गेली, ज्वारीची पानं तिच्या वाऱ्यानं माझ्या तोंडावर आपटली. मी उठून उभा राहिलो असतो तर लतीफला दिसलो असतो. मी उठलो नाही. ते लोक कुठं उतरले, उतरले की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

नामदेव पंधरा दिवसांनी परत आला. गावानं त्याला हारानं झाकून टाकलं. हारातून तोंड काढून त्यानं पहिलं विचारलं, "लतीफ कुठंय?" मी म्हणालो, गेला. कामून, म्हणाला. मी म्हणालो, सोताहून.  त्यानंतर आम्ही चाळीस वर्षं एकाच गावात राहिलो, लग्नाकार्यात शेजारी बसलो, पण त्यानं पुन्हा कधी माझ्या गळ्यात हात टाकला नाही. नामदेव वारला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

टीव्हीवरच्या त्या जाणकारांचा मला हेवा वाटतो. त्यांना एक तरी बरोबर उत्तर सापडतं. मी किती वर्षं ती सातवी जोडी मांडून पाहतोय. अमीननं बोर मागितलं असतं तर? मी बसून राहिलो असतो तर? लबाडीच केली नसती तर मला भुईमूग कोण हे कळलंच नसतं, मग मी उठलोच नसतो. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी तेच दार येतं आणि तीच बोटं.

लिलाव संपला होता. मुक्तानं ताटलीतला शेवटचा हुरडा माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा विचारलं, बरं, निदान सगळ्यात भारी भिडू कोण होता ते तरी सांगा. मी नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते नाव माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं. तिनं विचारलं, मग तो पुढं कुठं गेला? मी म्हणालो, गाव सोडून गेला.

"का गेला?"

तेच जुनं उत्तर जिभेच्या टोकावर आलं, आयतं, एक शब्द खोटा नसलेलं. हातावरचे दाणे गार झाले होते. बाहेर काही सळसळलं तरी मी या वेळी मान वळवली नाही.

"मी घालवला," मी म्हणालो. "बस इथं. सांगतो."